निळ्या पिंपातलं बी

बायको गेली तेव्हा घरात भाताच्या बियाची एक कणगी होती. गुडघ्याएवढी, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, तोंड शेणानंच बंद केलेलं. सुतक फिटलं त्या दिवशी ती रिकामी झाली. मी जे लिहितोय ते त्या कणगीचं आहे. रडायला ज्यांना आवडतं त्यांनी दुसरं काही वाचावं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं म्हशी होत्या. आयुष्य मुळशीच्या भातात गेलं. रस्त्याकडची जमीन मुलानं विकली, त्यातून घरामागं चार खोल्या बांधल्या, त्यात भाडेकरू राहतात. विहिरीकडची खाचरं अजून आहेत, ती मी कसतो. घरात मुलगा, सून आणि मी. मुलगा पिरंगुटला कंपनीत जातो, पाळी असते त्याची. सून घर सांभाळते आणि भाडेकरूंशी भांडते.

कणगीतलं बी बायकोच्या माहेरचं. तिचं माहेर धरणाच्या पाण्यापलीकडं. भात आंबेमोहोराच्याच जातीचं, पण तिकडचं आपलं वेगळं. ताटं उंच, दाणा आखूड, लोंबी बाहेर पडायला उशीर. शिजलं की वास रस्त्यापर्यंत जायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती माहेराहून येताना पदरात बांधून घेऊन आली, तेव्हापासून विहिरीजवळचं एक खाचर त्याचं. बाकी सगळीकडं आमच्याकडं इंद्रायणी. इंद्रायणी उतारा देते, वाऱ्यात लोळत नाही, बाजारात खपते. तिला मी नावं ठेवत नाही, तिच्यावर आम्ही पोरगं शिकवलं. पण सणाला आणि आजाऱ्याला माहेरचं भात, असं घरात ठरलेलं.

ते बी शुद्ध राहायचं कारण ती होती. दरवर्षी कापणीच्या आधी ती विळा घेऊन त्या खाचरात शिरायची. कुठं बुटकं ताट दिसलं, कुठं लोंबी लवकर पिकलेली दिसली, की मुळापासून कापून बांधावर फेकायची. म्हैस खायची ते. मग उरलेल्यातल्या चांगल्या लोंब्या हातानं खुडायची, घरात धोतराच्या कापडावर चोळायची, वाळवायची, कणगीत भरायची. मी एकदा म्हणालो, "चार काड्या दुसऱ्या आल्या तर काय बिगडतंय?" तर म्हणाली, "तमाकू मळताना तुमी चुना चिमूटभरच का घालता? मूठभर घाला की."

ती चैत्रात गेली. सकाळचा चहा मी केला होता, ती उठली नाही. एवढंच सांगतो.

आमच्याकडं सुतक फिटलं की घर धुऊन काढतात. अंथरुणं नदीवर नेतात, भिंती सारवतात, जुनी मडकी फोडून टाकतात, धान्याच्या भांड्यांना ऊन देतात. सुनेनं ते सगळं एकटीनं केलं. पै-पाहुणे जेवून गेले, ती दोन दिवस उभीच होती. त्यात तिला कणगीच्या बुडाशी किडे दिसले. तिनं तोंड फोडलं, भात ओतलं आणि कणगी गोठ्याच्या पत्र्यावर उन्हाला टाकली.

मला चार दिवसांनी दिसली. पत्र्यावर, उपडी.

"हिच्यातलं भात कुटंय?"

"पिंपात वतलं, मामा. किडं झालतं कणगीला."

"कुटल्या पिंपात?"

"निळ्या. त्यात बी भातच हाय की."

निळ्या पिंपात आधीच इंद्रायणीचं बी होतं, पाऊण पिंप. मी झाकण काढलं. वर भात, खाली भात, सगळं पिवळं. झाकण बसत नव्हतं म्हणून तिनं पिंप धरून चांगलं गदागदा हलवलं होतं, तेही तिनंच सांगितलं. मग मुलानं ते पडवीतून माजघरात लोळवत नेलं होतं.

सून माझ्या तोंडाकडं बघत उभी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की कणगीत काय आहे. बायको सांगत बसणारी नव्हती. मी झाकण लावलं आणि विहिरीवर जाऊन बसलो.

संध्याकाळी मुलगा आला. सुनेनं त्याला सांगितलं असणार. बूट काढता काढता म्हणाला, "आप्पा, बियाचं काय येवढं? पिरंगुटला पिशवी मिळती."

"मिळती? मग जा, तुज्या आयचं बी आण एक पिशवी."

तो हातपाय धुवायला गेला. जेवताना म्हणाला, "मामाकडं असंल की." मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो मेव्हण्याच्या घरी. तिथंही इंद्रायणी. धाकटा मेव्हणा म्हणाला, "दाजी, आमी कवाच सोडलं ते. ताई लावत हुती म्हून राह्यलं आसंल." आसपास ज्यांना ज्यांना तिनं कधी ओंजळभर दिलं होतं त्यांच्याकडंही फिरलो. सगळ्यांचं दोन-तीन वर्षांत मिसळून गेलेलं. घरात त्या भाताचा तांदूळ होता थोडा, पण टरफल काढून सडलेल्या तांदळाला कोंब येत नाही. म्हणजे जे काही उरलं होतं ते निळ्या पिंपात, इंद्रायणीच्या पोटात.

मी ओसरीवर सूप घेऊन बसलो. पिंपातलं वरचं भात तांब्यानं काढायचं, सुपात पसरायचं, आखूड दाणा दिसला की बाजूला घ्यायचा. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा पिकायला लागलाय. टरफलातला दाणा आखूड की लांब हे मला बोटानं कळायचं कमी आणि वाटायचं जास्त. बायकोला कळायचं. मी दिवसभर बसलो की वाटीचं बूड झाकेल एवढं व्हायचं. त्यातलंही खरं किती, देव जाणे.

रविवारी मास्तरीणबाई आल्या. आमच्या शेवटच्या खोलीत त्या राहतात. लातूरकडच्या, लवळ्याच्या डोंगरावरच्या कॉलेजात शिकवतात. सून त्यांना मॅडम म्हणते, मी मास्तरीणबाई म्हणतो, त्यांना राग येत नाही. पाण्याची मोटर चालू करा म्हणून सांगायला आल्या होत्या. सूप बघून पायरीवर बसल्या.

"काय शोधताय बाबा?"

मी सांगितलं. त्यांनी दोन दाणे हातात घेतले, उजेडात धरले आणि म्हणाल्या, "हे दोन वेगळे आहेत होय? मला तर एकच दिसतंय."

"तुमाला चष्मा हाय, मला मोतीबिंदू. चांगली जोडी जमली."

त्या हसल्या. मग सुपाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी पोरांना हेच शिकवते, बाबा. एंट्रॉपी म्हणतात त्याला."

"भात निवडायला शिकवता?"

"नाही हो. मिसळलेलं आपोआप का सुटं होत नाही, ते."

मला वाटलं ह्या बाईला रविवारी पण शाळा सुटत नाही. पण मला उद्योग नव्हता दुसरा. म्हणालो, सांगा.

त्यांनी सुपात मधोमध बोटानं रेघ ओढली. डाव्या अंगाला चार दाणे इंद्रायणीचे ठेवले, उजव्या अंगाला माझ्या वाटीतले चार. "हे असं सगळं आपापल्या जागी राहायची रीत किती? एक. आता ह्यातला एक इकडं, एक तिकडं, असं करून मिसळायच्या रीती मोजा." मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. "आठ दाण्यांत एवढं," त्या म्हणाल्या, "तर पिंपात किती असेल? सुटं राहायची रीत जेमतेम एक आणि मिसळायच्या रीतींना अंत नाही. तुम्ही पिंप हलवलं की भात त्यातली कुठली तरी एक रीत धरणार. मग कुठली धरणार?"

"मिसळायची."

"त्याला मिसळायचं आहे म्हणून नाही बरं का. त्याला काहीच वाटत नाही. त्या रीतीच जास्त आहेत, म्हणून."

हे मला पटलं. मला वाटत होतं वाईट व्हायचं ते कुणीतरी करतं. सुनेनं केलं, देवानं केलं, माझ्या नशिबानं केलं. मास्तरीणबाईंच्या हिशेबात करणारं कुणी नव्हतंच. तरी मी सहजी मान हलवणाऱ्यातला नाही.

"आन मी हे पिंप रोज हलवलं तर? कधीतरी परत सुटं व्हईल की. एक रीत तर हाय."

"होईल की. सूर्य विझेपर्यंत हलवा, तोवर झालं तर मला बोलवा."

"बरं. मग पाखडल्यावर कोंडा कसा येगळा हुतो? तो बी मिसळलेलाच आसतो."

आता त्या जरा थांबल्या. मला बरं वाटलं. पण मग म्हणाल्या, "पाखडतं कोण?"

"बाया."

"त्यांचा हात दुखतो?"

"दुखतो."

"भाकरी खाऊन पाखडतात, घाम येतो, अंगातली गरमी बाहेर जाते. सुपात सगळं नीट लागलं, पण ती भाकरी आणि गरमी तर गेली ना? एका जागी नीट करायचं तर दुसऱ्या जागी त्याहून जास्त पांगतं. नीट करता येत नाही असं शास्त्र म्हणत नाही, बाबा. फुकट होत नाही, एवढंच म्हणतं."

मोटर चालू करायची राहिलीच. सून चहा घेऊन आली, एक कप त्यांना, एक मला. मी सुपातून डोकं काढलं नाही, चहा निवून गेला. मास्तरीणबाईंनी माझ्या कपाकडं बोट केलं. "हे पण तेच. उष्णता कपातून खोलीत पांगते. खोलीतली गोळा होऊन परत कपात शिरत नाही."

मी कप हातात घेतला. गार होता. ती गेली त्या सकाळी बायकोचा हात धरला तेव्हा तो अजून कोमट होता. मी तिच्या अंगावर घोंगडी टाकली, वर गोधडी टाकली, दार लावून घेतलं. लोक येईपर्यंत मी हात धरून बसलो होतो आणि तो माझ्या हातातच गार झाला.

मी विचारलं, "मानसाची ऊब बी खोलीतच पांगती का?"

त्यांनी आपला कप खाली ठेवला. सून दाराशी उभी होती.

"हो," त्या म्हणाल्या.

"म्हंजी हितंच हाय."

"इथंच. नाहीशी होत नाही ती. पण गोळा होत नाही परत."

मास्तरीणबाईंनी गोड बोलून काही सांगितलं असतं तर मी त्यांना खोली सोडा म्हणालो असतो. त्यांनी खरं ते सांगितलं. मी तो गार चहा पिऊन टाकला.

त्या दिवसापासून घरात मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. मी त्याला पांगापांग म्हणतो, तो इंग्रजी शब्द माझ्या दाताखाली नीट येत नाही. अंगणाच्या कडेचे दगड ढिले झालेले. बाजेचा काथ्या सैल पडून मधे झोळी झालेली. साखरेच्या डब्यात मुंग्या. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलेली, विहिरीच्या कठड्याला पिंपळ उगवलेला. आधीही हे सगळं होतच असणार, रोज, पण रोज कुणीतरी काथ्या ओढत होतं, भोकं बुजवत होतं, पिंपळाचं रोप नखानं काढत होतं. तिच्या साड्या तिच्या भाच्यांनी नेल्या. पितळी गडवा माझ्या बहिणीनं नेला. गोधडीला तिचा वास होता, तोही कमी होत गेला, हुंगून हुंगून मीच संपवला असेन. ह्यातलं काही मी अडवू शकत नव्हतो. अडवायला गेलोही नाही.

पण बी मेलेलं नव्हतं. पांगलं होतं. मी ठरवलं, हे एक मी सोडणार नाही.

सुपात बसून निवडायचं मी बंद केलं. त्या कामाला माझे डोळे नव्हते. दाणा दाण्यासारखा दिसतो, पण ताट ताटासारखं दिसत नाही. इंद्रायणी बुटकी, लवकर निसवते, म्हणजे लोंबी बाहेर काढते. बायकोचं भात उंच, उशिरा निसवतं. म्हणजे मी ओळखण्यापेक्षा त्याला उगवू द्यायचं, मग ते उभं राहून स्वतःच सांगेल. हे काही मी शोधलं नाही. बायको विळा घेऊन हेच करत होती, फक्त तिला चार काड्या काढायच्या असायच्या आणि मला चार काड्या ठेवायच्या होत्या.

पिंपाच्या वरचं भात काढलं. कितीही हलवलं, लोळवलं तरी बायकोचं वरून ओतलेलं, तिथं थोडं तरी जास्त असणार म्हणून. त्याच्यासाठी वेगळा राब भाजला. आमच्याकडं रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात, तो राब. त्यानं तणाचं बी जळतं. मास्तरीणबाई कॉलेजातून येत होत्या, धुरात खोकत थांबल्या.

"एवढी उष्णता वाया गेली बघा."

"तण मेलं ना? फुकट हुत न्हाई म्हनला हुता तुमीच."

त्या खोकता खोकता हसल्या आणि नाक दाबून खोलीत गेल्या.

लावणीला बाया आल्या. भात लावताना तीन-चार रोपांचा चूड करून एका जागी खोचतात, सगळीकडं तसंच. मी विहिरीजवळच्या खाचराच्या बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "ह्यात एका जागी एकच रोप लावायचं. अन् मधी हातभर जागा सोडायची."

बाया कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली जुनी एक, माझ्या बायकोची मैत्रीण, म्हणाली, "भावजी, असं लावल्यावर खाचर टकलं दिसंल की."

"माज्या डोस्क्यासारखं दिसू दे."

"एकाएका काडीला भात किती यील?"

"यील तेवडं यील. चुडात दोन जाती आल्या तर मला कळायचं कसं?"

तिला कारण माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत झालं होतं. ती बाकीच्यांना म्हणाली, "लावा गं. म्हातारा ऐकायचा न्हाई. ती बी ऐकत नव्हती." आणि पहिली चिखलात उतरली.

भाद्रपदात इंद्रायणी निसवायला लागली. लोंब्या बाहेर आल्या. मी रोज सकाळी कडेनं फिरायचो आणि ज्यांना लोंबी नाही अशी ताटं बघायचो. खाचरात मधे मधे, उंच, पानांत तोंड लपवून उभी. किती होती ते सांगत नाही, पण माझ्या छातीतलं ओझं थोडं हललं. मात्र पुढची अडचण मला तिथंच कळली. आज ती लोंबीवाचून ओळखू येत होती. महिन्याभरात त्यांनाही लोंबी येणार, वारा सुटणार, उंच ताटं बुटक्यांवर आडवी पडणार, मग परत सगळं एक. खूण आताच करायला हवी होती. काठ्या रोवून पाहिल्या, वाऱ्यानं पडल्या. सुतळी बांधली, हिरव्यात दिसेना. माझ्या डोळ्यांना तर नाहीच.

दुपारी ओसरीवर मी सुनेला एवढंच म्हणालो की लांबून दिसंल असं कापड पायजे. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बायकोचं लाल पातळ होतं. सगळ्या साड्या गेल्या तेव्हा हे एक तिनं मागून ठेवून घेतलं होतं, गोधडीला. मळलेलं नव्हतं, विरलेलं होतं, पण रंग चांगला होता.

"हे घ्या," ती म्हणाली.

"ते गोधडीला ठिवलंयस ना?"

"गोधडी दुसऱ्याची करीन."

"ऱ्हाऊ दे. दुसरं बग."

"दुसरं लाल न्हाई घरात." मग खाली बघत म्हणाली, "मामा, मी वतलं. मला माहीत आसतं तर वतलं आसतं का? तुमी बोलला बी न्हाई मला. बोलला आसता तर बरं झालं आसतं."

मी म्हणालो, "बोलून भात येगळं झालं आसतं तर बोललो आसतो."

तिनं पातळाचं टोक दातात धरलं, किंचित चीर पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं. पातळ फाटण्याचा आवाज मोठा असतो. मी ऐकत बसलो. ती पट्टी काढायची, मांडीवर ठेवायची, परत दातात धरायची. अर्धं पातळ झाल्यावर मीही एक टोक धरलं आणि ती तिच्या बाजूनं ओढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाचरात उतरलो. ती पुढं, मी मागं. तिचे डोळे चांगले आहेत, ते मला तेव्हा कळलं. मी ज्याला उंच म्हणायचो त्याला ती म्हणायची, "हे न्हवं मामा, हे नुसतं माजलंय. खाली बगा, लोंबी हाय आत." मी पट्टी सोडायचो. मी ज्याच्याशेजारून गेलो ते ती धरायची. "हे बांधा. पान बगा की, कसं मऊ हाय." पान मऊ असतं हे मला कधीच माहीत नव्हतं. तिला सासूबरोबर एकदा निंदणीला असताना दिसलं होतं, असं म्हणाली.

संध्याकाळी मास्तरीणबाई बांधावर आल्या. हिरव्या खाचरात लाल लाल गाठी. त्या बघत राहिल्या.

मी म्हणालो, "हितं नीट लागलं. तिकडं पातळाच्या चिंध्या झाल्या. बराबर हाय ना तुमच्या शास्त्राला?"

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग पदरानं चष्मा पुसायला लागल्या. मी दुसरीकडं बघितलं.

इंद्रायणी आधी पिकली. ती आधी कापून घेतली, लाल गाठी तेवढ्या उभ्या ठेवून. आता त्या उघड्यावर पडल्या, वाऱ्याला अडवायला कुणी नाही. दोन दिवस जोराचा वारा होता, मी आणि मुलगा मिळून त्यांना काठ्यांचे टेकू दिले. मुलगा रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल, तोंडानं पुटपुटत होता पण काठ्या ठोकत होता. "आप्पा, पोलिओच्या पोरांसारखी दिसत्यात," म्हणाला. मी म्हणालो, "उबी हायेत ना?"

पिकल्यावर सून आणि मी लोंब्या हातानं खुडल्या. मळणी यंत्रवाला रस्त्यावर यंत्र घेऊन उभाच होता. म्हणाला, "द्या की बाबा, दोन मिंटाचं काम हाय." त्याच्या यंत्राच्या पोटात गावातल्या सगळ्यांचं भात असतं, फटीफटीत अडकलेलं. मी म्हणालो, "तुज्या यंत्राला मी नाव ठिवत न्हाई, पर माज्या भाताला हात लावू नगंस." ओसरी झाडली, पुसली, परत पुसली. माझं धुतलेलं धोतर अंथरलं. लोंब्या हातानं चोळल्या. सून चोळायची आणि एकेक दाणा बघायची. तिनं त्यातूनही लांबट दाणे काढले, मूठभर तरी असतील. ते कोंबड्यांना टाकले.

"आजून आसतील, मामा," ती म्हणाली. "सगळं न्हाई निघत."

"म्हाईत हाय. फुडल्या वर्षी परत काढू. त्याच्या फुडल्या वर्षी परत."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. एक वर्ष सोडलं की गेलं."

कणगी गोठ्याच्या पत्र्यावरून काढून मी आधीच दुरुस्त केली होती, बुडाच्या किडलेल्या काड्या बदलल्या होत्या. भात भरलं तर अर्ध्याच्या थोडं वर आलं. बायकोच्या वेळी तोंडापर्यंत असायचं. मुलगा म्हणाला, "येकदा शिजवून बगू की जरा, आईच्या..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं. मी नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही तो वास हवा होता, अंगावरून जावा एवढा हवा होता. पण ह्या वर्षी खायचं नाही, निम्मं पेरायचं आणि निम्मं ठेवायचं, एक बुडालं तर दुसरं असावं म्हणून. पुढच्या दिवाळीला बघू.

कणगीचं तोंड सुनेनं लिंपलं. शेण तिनंच कालवलं, त्यात राख घातली, किडा लागू नये म्हणून. राख घालायचं तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, मोबाईलवर बघितलं. बायको कडुनिंबाचा पाला घालायची. मी तो आणून दिला, तिनं तोही घातला.

"कुटं ठिवू?"

"तू सांग. मला ठाऊक आसून काय उपेग? उद्याच्याला तुलाच बगायचंय."

तिनं माजघरात चारी बाजूंनी बघितलं आणि कणगी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. निळ्या पिंपापासून लांब. मग खडूनं पिंपावर मोठं 'इंद्रायणी' लिहिलं. अक्षर तिचं चांगलं आहे.

मी परत खाचरात गेलो. उभ्या खुंटांना लाल पट्ट्या तशाच होत्या. चिखलानं कडक झालेल्या, काही उन्हानं फिकटलेल्या. सगळ्या सोडल्या. विहिरीवर धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. मास्तरीणबाई खिडकीतून ओरडल्या, "आता कशाला धुताय बाबा?"

मी म्हणालो, "भाद्रपदात लागतील."